पतंग, फुलपाखरे आणि आपली पिके

"साहेब, काल दिवस मावळेपर्यंत तूर चांगली होती. आज सकाळी पाहिले तर अळीच अळी. एका रात्रीत आली कुठून?" नांदेड, लातूर भागातील शेतकरी मेळाव्यात कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास हा प्रश्न हमखास विचारला जातो. कोणी आभाळाला दोष देतो, कोणी शेजारच्या शेताला. आभाळ आले की अळी पडते, अशी आपल्याकडे बोलण्याची पद्धतच आहे. परंतु अळी वरून पडत नाही आणि एका रात्रीत येतही नाही. ती अंड्यातून निघते. ते अंडे घालणारा पतंग दहा-बारा दिवसांपूर्वीच रात्री आपल्या शेतात येऊन गेलेला असतो. त्या दिवसांत अंडी उबतात, बारीक अळ्या फुलांच्या आड दोऱ्याएवढ्या असतात आणि बांधावरून पाहणाऱ्याला पीक स्वच्छ दिसते. नजरेत भरते ती मोठी झालेली अळी, आणि नेमकी तीच औषधाला सहजासहजी दाद देत नाही.

आपल्याला अळी ओळखता येते, पतंग ओळखता येत नाही. फवारणीचा बराचसा खर्च वाया जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून या लेखात पतंगांची व त्यांच्या जवळच्या नातेवाइकांची, म्हणजे फुलपाखरांची, थोडी ओळख करून घेऊ.

एकाच कुळातील दोघे

फुलपाखरू आणि पतंग हे कीटकांच्या एकाच गटातील आहेत. दोघांच्याही पंखांवर घरावरील कौलांप्रमाणे एकावर एक बसविलेले बारीक खवले असतात. पंख चिमटीत धरल्यावर बोटाला जी पूड लागते, ती म्हणजे हे खवले होत. या गटातील सुमारे १ लाख ६० हजार जातींची नोंद आजवर झाली आहे. त्यांपैकी फुलपाखरे १८-१९ हजारांच्या आसपास असून बाकी सर्व पतंग आहेत. फुलपाखरू दिवसा उडते, रंगाने नजरेत भरते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ब्ल्यू मॉरमॉन या काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. करड्या, तपकिरी रंगाच्या पतंगाकडे कोण लक्ष देणार? परंतु शेतकऱ्याच्या हिशेबात पतंगच जड आहे. कापसावरील तिन्ही बोंडअळ्या, तुरीच्या शेंगा व हरभऱ्याचे घाटे पोखरणारी अळी, सोयाबीनची पाने खाणारी अळी, ज्वारीच्या पोंग्यातील खोडकिडा, मक्यावरील लष्करी अळी ही सगळी पतंगांचीच संतती. फुलपाखरांपैकी पिकाला उपद्रव देणाऱ्या जाती थोड्या आहेत. लिंबावरील फुलपाखरू, डाळिंबाचे फळ पोखरणारे फुलपाखरू आणि तुरीच्या शेंगांवर आढळणारे निळसर छोटे फुलपाखरू ही त्यांतील ठळक नावे.

दोघांतील फरक ओळखणे अवघड नाही. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला आगकाडीच्या गुलासारखी गाठ असते, पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. फुलपाखरू बसले की बहुधा पंख पाठीवर उभे मिटते. पतंग पंख छपरासारखे उतरते किंवा सपाट पसरून बसतो.

अंडे, अळी, कोष आणि पतंग अशा चार अवस्था सर्वांना माहीत आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, खाण्याचे काम अळीकडे आणि वंश वाढविण्याचे काम पतंगाकडे अशी निसर्गाने वाटणी केलेली आहे. पतंगाला चावणारे तोंडच नसते. घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली सोंड असते आणि तिने तो फुलातील रस पितो. रेशमाचा पतंग तर तेवढेही करीत नाही. तो काहीही न खाता मीलन करतो, अंडी घालतो आणि चार-आठ दिवसांत मरतो. अळीचे मात्र उलट असते. तिचे सारे आयुष्य खाण्यात जाते. अंगावरची कातडी तोकडी पडली की ती कात टाकते आणि पुन्हा खाऊ लागते. एक अळी आयुष्यभरात जेवढे खाते त्यातील फार मोठा हिस्सा शेवटच्या दोन अवस्थांत, म्हणजे शेवटच्या आठवडाभरात खाते. नुकसान "एका रात्रीत" झाल्यासारखे वाटते ते यामुळे.

नांदेडचा कापूस आणि गुलाबी बोंडअळी

नांदेड हे कापसाचे जुने नाव. गावरानी कापसाची ख्याती निजामाच्या काळापासून होती, आणि पुढे येथील कापूस संशोधन केंद्राचा 'नांदेड-४४' हा संकरित वाण महाराष्ट्राबाहेरही पोहोचला. या भागातील जाणत्या शेतकऱ्यांना गुलाबी बोंडअळी नवी नाही. मधली काही वर्षे ती दिसेनाशी झाली होती, एवढेच.

या किडीची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती आपल्याच देशातील नमुन्यांवरून. गुजरातेतील भडोच येथील कापसावर नुकसान करणाऱ्या अळीपासून मिळालेल्या पतंगाचे वर्णन सॉण्डर्स यांनी १८४३ साली प्रसिद्ध केले. हा पतंग तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, मातकट तपकिरी, पंखांच्या कडेला झालर असलेला असा आहे. दिवसा तो जमिनीच्या भेगांत, पालापाचोळ्यात लपून राहतो. त्यामुळे ज्या शेतकऱ्याचे बोंडअळीने हजारोंचे नुकसान झाले आहे, त्यानेही तिचा पतंग पाहिलेला असेलच असे नाही.

मादी पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते आणि बोंडाचे छिद्र वरून बुजून जाते. नंतर बाहेरून काहीच दिसत नाही. फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून जाळ्याने बांधून घेते, त्यामुळे फूल पूर्ण उमलत नाही, भोवऱ्यासारखे मिटलेले राहते. हीच डोमकळी. डोमकळ्या दिसू लागल्या की अळी पहिल्यांदा शेतात आली असे समजावे. त्या रोज तोडून नष्ट करणे हे सर्वांत स्वस्त औषध आहे. आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. अनेकांची चौथी-पाचवी फवारणी वाया जाते ती येथेच.

बीटी कापूस आपल्या देशात २००२ साली आला आणि दोन जनुकांचे बीटी वाण २००६ साली. पहिली वर्षे बोंडअळ्या जवळजवळ नाहीशा झाल्या. मग गुजरातेतील काही जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचे २०१० साली जाहीर झाले. त्याच राज्यात २०१४-१५ च्या सुमारास दोन जनुकांचे वाणही पोखरले जाऊ लागले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाड्यात तिने थैमान घातले. बोंडे फोडली तर आत कवडी झालेला कापूस निघू लागला.

असे का झाले, हे समजून घेणे जरुरीचे आहे, कारण यात आपलाही वाटा आहे. बीटीच्या ४५० ग्रॅम बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगर बीटी बियाण्याची पुडी येत असे. ती कडेने पेरावी अशी शिफारस होती. बहुतेकांनी ती बांधावर टाकून दिली. त्या कडेच्या ओळींचा उद्देश असा होता : बीटी खाऊनही जगणारी एखाददुसरी अळी शेतात निघणारच. तिच्यापासून झालेल्या पतंगाला जोडीदार तसाच मिळाला तर पुढची सर्व पिढी बीटीला न जुमानणारी होते. परंतु कडेच्या बिगर बीटी ओळींतून साधे पतंग मोठ्या संख्येने निघत असतील, तर जोड बहुधा त्यांच्याशीच जमते आणि पिल्ले बीटीला बळी पडतात. आपण साधे पतंग निर्माण होण्याची जागाच ठेवली नाही. भरीस भर म्हणून पाणी असणाऱ्यांनी फरदड घेतली, मार्च-एप्रिलपर्यंत कापूस शेतात ठेवला. जवळजवळ केवळ कापसावरच जगणाऱ्या किडीला आठ-नऊ महिने अन्न मिळत राहिले. सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणे मात्र योग्य नाही. कडेच्या ओळींमागील कारण त्यांना त्या वेळी कोणी नीट समजावून सांगितले, असे म्हणता येणार नाही.

हंगामाच्या शेवटी या अळीची एक विशेष सवय दिसते. थंडी पडू लागली की शेवटच्या पिढीतील अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या जाळ्याने एकमेकींना चिकटवून ती त्या पोकळीत पडून राहते. अशी जोड सरकी जिनिंगमध्ये, घरात साठविलेल्या कापसात आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या किडक्या बोंडांत सापडते. महिनेच्या महिने अन्नपाण्याशिवाय ती राहू शकते आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर पतंग बाहेर पडतो. त्या वेळी शेतात कापसाला पात्या नसतील तर पतंग अंडी घालण्याला योग्य जागा न मिळताच मरतो. मे महिन्यात ठिबकवर केलेली लागवड मात्र त्याच्यासाठी आयतीच तयार असते. डिसेंबरअखेर कापूस संपवा, पऱ्हाट्या शेतात रचून ठेवू नका, पूर्वहंगामी लागवड टाळा, या शिफारशी वर्षानुवर्षे ऐकून कंटाळा आला असेल. पण त्या सर्वांचे मूळ या जोड सरकीत आहे.

अमेरिकेने २०१८ साली आपल्या कापसातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर केले. बीटी वाण, गंध सापळे, वेळेवर पऱ्हाट्यांची विल्हेवाट आणि विमानातून सोडलेले कोट्यवधी वांझ पतंग अशा सर्व उपायांची तेथे अनेक वर्षे सांगड घातली गेली. वांझ नराशी मीलन झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. आपल्याकडे लहान लहान तुकड्यांची शेती असल्याने हे तसेच्या तसे करणे शक्य नाही. पण एका गावाने एकाच आठवड्यात पऱ्हाट्या काढणे अशक्य आहे काय?

गंधाची भाषा

रात्रीच्या अंधारात नराला मादी कशी सापडते? मादी शरीराच्या टोकातून एक गंध सोडते आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेने त्या गंधाचा माग काढीत येतो. माणसाच्या नाकाला हा गंध कळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ बुटेनांट यांनी १९५९ साली रेशमाच्या पतंगापासून असा गंध प्रथम वेगळा केला. त्यासाठी सुमारे ५ लाख माद्या वापराव्या लागल्या आणि हाती आले ते काही मिलिग्रॅम! गुलाबी बोंडअळीच्या गंधाचे घटक १९७३ साली निश्चित झाले. आज बाजारात मिळणाऱ्या गोळीत किंवा नळीत हाच गंध कृत्रिमरीत्या भरलेला असतो.

प्रत्येक जातीचा गंध वेगळा असतो. बोंडअळीच्या ल्यूरकडे घाटेअळीचा पतंग फिरकत नाही. त्यामुळे दुकानातून "सापळ्याची गोळी द्या" असे म्हणून चालत नाही, कोणत्या किडीची ते सांगावे. सापळ्यात येतात ते फक्त नर. एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकत असल्याने हेक्टरी पाच सापळे लावून कीड संपेल, ही अपेक्षा चुकीची आहे. हेक्टरी पाच सापळे हे मोजमापासाठी आहेत. पिकाच्या शेंड्यापेक्षा वीतभर उंच टांगावेत, ल्यूर तीन ते चार आठवड्यांनी बदलावी आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहावेत. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ किंवा अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग आले, तर शेतात फिरून कोठूनही २० हिरवी बोंडे तोडावीत व फोडून पाहावीत. त्यांत दोन बोंडांत जिवंत अळी निघाली म्हणजे फवारणीची वेळ आली.

तूर, हरभरा आणि घाटेअळी

लातूरकडे तूर आणि हरभरा म्हटले की घाटेअळी आलीच. कापसावर हिला अमेरिकन किंवा हिरवी बोंडअळी म्हणतात, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी. कीड एकच, नावे पिकागणिक. तिचा पतंग धष्टपुष्ट, वाऱ्याबरोबर कित्येक मैल जाणारा. मादी शेकडो अंडी घालते, परंतु एका ठिकाणी एकच. फुलावर, कळीवर, शेंड्यावर खसखशीएवढे पिवळसर पांढरे अंडे चिकटलेले असते. सोयाबीनवरील तंबाखूच्या पाने खाणाऱ्या अळीचे याउलट असते. तिची मादी दोन-तीनशे अंडी पुंजक्याने घालून वर आपल्या अंगावरील केस पांघरते. लहान अळ्या एकाच पानावर राहून ते जाळीदार करतात. ते एक पान अळ्यांसह तोडून नष्ट केले तर शेकडो अळ्या गेल्या! २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर या अळीचा मोठा उद्रेक झाला होता, त्यानंतरच राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला. घाटेअळीच्या बाबतीत असे पान तोडून भागत नाही.

घाटेअळी औषधांनाही लवकर सरावते. आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत १९८७ साली सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे तिच्यापुढे निष्प्रभ ठरली आणि १९९७-९८ च्या हंगामात वरंगल भागातील कापूस उत्पादक देशोधडीला लागले. एकच औषध पुन्हा पुन्हा मारणे किंवा दोन-तीन औषधे मनाने एकत्र मिसळणे यातून अळी निबर होते आणि माणसाच्या जिवाला धोका होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही.

हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. पहाटे कापड फिरवून ती गोळा करण्याची जुनी पद्धत आहे. या आंबेमुळे अनेक किडी हरभऱ्यापासून दूर राहतात, घाटेअळीला मात्र ती पचते. गंमत अशी की, याच आंबेमुळे ट्रायकोग्रामा ही मित्रकीटकाची माशी हरभऱ्यावर नीट काम करू शकत नाही. ही माशी टाचणीच्या टोकाएवढी असून पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. कापूस, ऊस अशा पिकांत ट्रायकोकार्ड जरूर लावावे, हरभऱ्यात त्यावर खर्च करू नये. हे कार्ड बनविण्यासाठी प्रयोगशाळेत ज्वारीच्या भरड्यावर एक पतंग वाढवितात. तो दुसरा कोणी नसून साठविलेल्या धान्यात जाळी करणारा पतंगच असतो. घरात आपण ज्याला शिव्या देतो, त्याची वीस हजार अंडी एका कार्डावर चिकटविलेली असतात.

हरभऱ्यात दुसरा मित्र आहे. लहान अळीच्या वाळलेल्या कातडीला लागून भातासारखा छोटा कोष चिकटलेला दिसला, तर तो कॅम्पोलेटिस या परोपजीवी माशीचा समजावा. तिची पिल्ले अळीच्या आत वाढून तिला संपवितात. तसेच शेंड्यावर उलटी लटकलेली, काळी, पाणी सुटलेली अळी दिसली तर ती विषाणूने मेलेली असते. विषाणूची बाधा झालेली अळी मरण्यापूर्वी झाडाच्या टोकाकडे चढते आणि तिच्या फुटलेल्या शरीरातून विषाणू खालच्या पानांवर पसरतात. एच.ए.एन.पी.व्ही. हे औषध म्हणजे हेच विषाणू होत. हेक्टरी २५० ते ५०० एल.ई. या प्रमाणात ते वापरतात. ऊन लागले की त्यांची शक्ती जाते, म्हणून फवारणी सायंकाळी करावी व द्रावणात थोडी नीळ मिसळावी. अळ्या लहान असतानाच याचा उपयोग होतो.

दिव्याकडे झेप

पतंग दिव्यावर का झेपावतो? चंद्राच्या आधाराने दिशा ठेवणारा पतंग दिव्याला चंद्र समजतो, असे आजवर शिकविले जात असे. २०२४ साली अतिवेगवान कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात निराळेच दिसले. उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. निसर्गात वर आकाश उजळ व खाली जमीन काळी असल्याने त्यांचा तोल सावरला जातो. दिवा बाजूला आला की ते पाठ दिव्याकडे वळवितात आणि त्याच्याभोवती गरगर फिरत अडकून पडतात. चांदणे असले की प्रकाश सापळ्यात पतंग कमी येतात. पौर्णिमेच्या सुमारास सापळा रिकामा दिसला म्हणून कीड गेली असे समजू नये. सापळा सायंकाळी सात ते दहा एवढाच वेळ लावावा, रात्रभर ठेवल्यास मित्रकीटकही मरतात.

बागेतील एक अपवाद

पतंगाला चावणारे तोंड नसते, तो पिकाला इजा करीत नाही, असे वर म्हटले. मोसंबीच्या बागेत याला एक अपवाद आहे. फळातील रस शोषणाऱ्या पतंगाची सोंड टोकाला कठीण व काटेरी असते. रात्री तो पिकत आलेल्या फळाला भोक पाडून रस पितो, दोन-चार दिवसांत तेथे फळ सडते व गळते. बागेत कितीही शोधले तरी याची अळी सापडत नाही, कारण ती मोसंबीवर राहतच नाही. ती राहते बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. बागेच्या परिसरातील या वेली काढणे, गळलेली फळे गोळा करून पुरणे आणि फळे पक्व होण्याच्या काळात सायंकाळी बागेत धूर करणे हे त्यावरील उपाय आहेत.

लिंबावरील फुलपाखराची अळी मात्र झाडावरच असते, पण ती ओळखू येत नाही. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी, दुबेळकी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. लहान रोपांची पाने ती दोन दिवसांत संपविते. हातानेच वेचावी. शिंग दिसायलाच भीतीदायक, ते टोचत नाही.

वेळा अमावास्येला

लातूर आणि नांदेडकडे मार्गशीर्षातील वेळा अमावास्येला सारे घर शेतात असते. कोपीपुढे पूजा होते, भज्जी-आंबीलीचे जेवण होते, शहरातील पाहुणेही रानात येतात. हरभरा नेमका त्याच सुमारास फुलावर किंवा घाट्यावर असतो. त्या दिवशी जेवणाआधी घरातील मुलांना हरभऱ्याच्या ओळीत बसवावे आणि शेतात दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळीतील अळ्या मोजायला सांगाव्यात. मुलांची नजर आपल्यापेक्षा बारीक असते. मीटरमागे एक ते दोन लहान अळ्या निघाल्या, तर दुसऱ्या दिवशीच उपाय करावा. पक्ष्यांना बसण्यासाठी काठ्या रोवल्या नसतील तर त्या मात्र त्याच दिवशी रोवाव्यात. साळुंकी आणि कोतवाल वाट पाहतच असतात.